तिसऱ्या फाउलच्या आधी

“मला सोडायचं न्हाई, बसू,” अण्णा म्हणाले आणि माझ्या क्यूच्या टोकावर त्यांनी हलकेच फुंकर मारली. “गुरू म्हणून दया केलास तर तंगडी तोडीन.”

आम्ही नाशिकच्या एका मंगल कार्यालयाच्या पायरीवर बसलो होतो. आत, जिथे एरवी पंगती उठतात, तिथे सहा पूल टेबलं मांडली होती. स्टेजच्या मागच्या भिंतीवर कुठल्याशा लग्नाची थर्माकोलची अक्षरं अजून तशीच होती. त्यांच्याखाली आमचा बॅनर टांगलेला: महाराष्ट्र नाइन-बॉल मालिका, चौथा आणि अखेरचा टप्पा. २००६ सालचा फेब्रुवारी होता.

आदल्या दिवशी सरावात माझ्या क्यूची, म्हणजे पूल खेळायच्या काठीची, टिप निघाली होती. टिप म्हणजे क्यूच्या टोकाला चिकटवलेलं चामडं. ते नीट नसेल तर बॉल कुठेही जातो. अण्णांनी सकाळी उठून चहाच्या आधी नवी टिप बसवली. ब्लेडने गोल केली, पॉलिश पेपर फिरवला आणि अंगठ्याने दाबून पाहिली. पंचवीस वर्षं सोलापुरात यंत्रमागावर जॉबर म्हणून काढलेली ती बोटं. बिघडलेला माग नुसता हात लावून दुरुस्त करणाऱ्याला एक टिप म्हणजे काय!

मग त्यांनी खिशातून टिपला घासायचा निळा चॉक काढला. कोरा, कागदही न काढलेला.

“हे घे. टेबलावरलं वापरू नको. दमट असतंय, टिप घसरंल.”

“आणि तुम्हाला?”

“माझं हाय की माझ्याकडं. घे म्हटलं की घ्यावं बे.”

मी तो पँटच्या खिशात टाकला.

आत नोटीस बोर्डावर सोडत लागली होती. उपउपांत्यपूर्व फेरी, टेबल क्रमांक चार: अंबादास येमुल, सोलापूर, विरुद्ध बसवराज हत्तुरे, सोलापूर. म्हणजे अण्णा आणि मी, त्यांचा बसू. चारशे किलोमीटर एका एसटीत मांडीला मांडी लावून आलो, एका खोलीत झोपलो, माझ्या आईने दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी एका कागदावर खाल्ली, आणि नशिबाने आम्हालाच एकमेकांसमोर उभं केलं.

त्याच बोर्डावर शेजारी क्रमवारी होती. चार शहरांतल्या चार स्पर्धांचे गुण मिळवून जे पहिले आठ येतील ते राज्याच्या संघात जाणार होते. अण्णा आठवे होते, मी नववा. मधे पंधरा गुणांचं अंतर. दहावा पहिल्याच फेरीत आपटला होता. म्हणजे हिशेब सोपा होता: आमच्या दोघांत जो जिंकेल तो आठवा.

मला तो आठवा नंबर का हवा होता, तेही सांगतो. एका तेल कंपनीत खेळाडूंसाठी जागा निघाल्या होत्या. राज्याच्या संघात असल्याचं प्रमाणपत्र पाहिजे आणि वय पंचवीसच्या आत. मला जूनमध्ये पंचवीस पूर्ण होत होती. बी.कॉम. होऊन चार वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात मी पूल सोडून दुसरं काही धड केलं नव्हतं. घरात वडील माझ्याशी थेट बोलायचे बंद झाले होते. “त्याला म्हणावं जेवून घे,” असं आईला सांगायचे, मी समोर बसलेलो असताना.

आणि अण्णांना का हवा होता? त्यांचं वय सत्तेचाळीस. कारखाना बंद पडलेला. त्यांना कोण नोकरी देणार होतं? त्यांना ब्लेझर हवा होता. राज्याच्या संघाला निळा ब्लेझर मिळायचा, खिशावर नाव शिवलेला. आठ वर्षं ते या क्रमवारीत खेळत होते आणि आठ वर्षं नववे, अकरावे, दहावे येत होते. “एकदा त्याच्यावर येमुल लिहून आलं पायजे,” ते म्हणायचे. “मग जाळा मला त्याच्यासकट.”

असं म्हणून ते स्वतःच हसायचे. पण क्लबात दुसरं कुणी त्यावर हसलं तर त्यांना राग यायचा, हे मी पाहिलं होतं.

क्लब म्हणजे कन्ना चौकात एका चादरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि दोन टेबलं. मी अठराव्या वर्षी तिथे गेलो तेव्हा अण्णा कामाच्या पाळीवरून थेट यायचे, केसांत सुताचे तंतू अडकलेले. क्यू कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलं. शिकवताना त्यांची एक खोड होती. मी डाव्या बाजूला उभा राहिलो की दंडाला धरून उजवीकडे ओढायचे. “इकडं थांब बे, उजव्या हाताला. डावीकडं कुणी असलं की मला सुधरत न्हाई.” एसटीतही तेच. डाव्या रांगेत खिडकीशी ते, त्यांच्या उजव्या हाताला मी. येतानाही तसेच बसलो होतो.

दुसरी खोड म्हणजे आकडे ते पुटपुटत मोजायचे, आणि तेही तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू. एक, दोन, तीन. मराठीत सगळं बोलतील, भांडतील, पण मोजणार आपल्या आईच्या भाषेत.

आता खेळाचा एक नियम सांगावाच लागेल, कारण सगळं त्यावरच अडलंय. नाइन-बॉलमध्ये टेबलावर एक ते नऊ आकड्यांचे बॉल असतात. पांढऱ्या बॉलने दर वेळी टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याला आधी शिवायचं. नऊ नंबर जो पॉकेटमध्ये घालेल, त्याची फ्रेम. लहान आकड्याला शिवता आलं नाही तर फाउल. मग समोरचा पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेवतो. आणि एकाच खेळाडूचे लागोपाठ तीन फाउल झाले तर फ्रेम गेली.

पण त्यात एक मेख आहे. दुसऱ्या फाउलनंतर, तिसरा फटका मारण्याआधी, समोरच्याने त्याला तोंडाने सांगायला हवं की तुमचे दोन झालेत. नाही सांगितलं, तर तिसरा फाउल तिसरा धरत नाहीत.

या मेखेवर अण्णांनी मला क्लबात तीनदा उताणं पाडलं होतं. त्यांचे दोन फाउल झाले की मी आनंदाने बोलायचंच विसरायचो. मग अण्णा शांतपणे, मुद्दाम तिसरा फाउल करायचे आणि तो करताना टेबलावरची सगळी मांडणी विस्कटून टाकायचे, मला काही मारताच येऊ नये अशी. मी ओरडायचो, “तीन झाले! फ्रेम माझी!” आणि ते क्यू खांद्यावर टाकून म्हणायचे, “इशारा दिलास का बे? न्हाई ना? मग खेळ आता.” चौथ्यांदा मी विसरलो नाही. तेव्हा त्यांनी मला चहा पाजला होता.

सामना अकरा वाजता सुरू झाला. जो आधी सात फ्रेम जिंकेल तो पुढे. सहा टेबलांना मिळून पंच दोनच, त्यामुळे प्रत्येक टेबलाशी फक्त एक गुणलेखक होता आणि फाउल खेळाडूंनी आपले आपण पाहायचे होते. आमच्या टेबलाशी टिल्लू सर होते, नाशिकचे निवृत्त चित्रकला शिक्षक. कोपऱ्यात छोटं टेबल, त्यावर गुणांची पाटी, पाण्याचा तांब्या आणि चॉकचा डबा.

अण्णा त्या दिवशी असे खेळले की मी आपला बघत बसलो. पाहता पाहता चार-एक झाले. मग त्यांची एक फ्रेम हुकली आणि मला दार उघडलं. चार-तीन. पाच-पाच. सहा-पाच त्यांचे. सहा-सहा केले तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

अण्णांनी आपल्या खुर्चीतून माझ्याकडे पाहिलं आणि हाताची मूठ वळून दाखवली. शाबास, अशी. मला त्या वेळी त्यांचा राग आला. समोरच्याचं आयुष्य टांगणीला लागलेलं असताना शाबासकी कसली देतोस?

शेवटची फ्रेम. मी एक आणि दोन नंबर घातले. तीन नंबर अवघड होता, म्हणून पांढरा बॉल सात आणि आठच्या मागे लपवला. अण्णांना तीन दिसतच नव्हता. त्यांनी कडेवर आपटून शिवायचा प्रयत्न केला आणि एका केसाने हुकला.

“फाउल,” मी म्हणालो.

“ओकटी,” ते पुटपुटले.

पांढरा बॉल माझ्या हातात आला. मी तीन घातला. पण पुढे पाच नंबर आणि नऊ नंबर कडेला एकमेकांना चिकटून बसले होते; फ्रेम एका दमात संपणार नव्हती. म्हणून चार न मारता मी पांढरा पुन्हा लपवला. या वेळी अण्णांनी दोन कडांवरून फिरवून पाहिला. चारच्या शेजारून बॉल निघून गेला आणि हॉलमध्ये कुणीतरी ‘अरेरे’ केलं.

“फाउल.”

“रेंडू,” अण्णा म्हणाले आणि टॉवेलने तळवा पुसला.

आता मला एकच करायचं होतं. पांढरा तिसऱ्यांदा लपवायचा. अण्णांना शिवता आलं नाही की तीन फाउल, फ्रेम माझी, सामना माझा, आठवा नंबर माझा. मी बॉल ठेवला, श्वास सोडला आणि मारला.

मारताक्षणी कळलं की फसला. जोर चार आणे जास्त झाला. पांढरा सहाच्या मागे थांबायच्या ऐवजी वीतभर पुढे गेला. चार नंबर अजून आडच होता, पण एका कडेवरून सरळ शिवता येण्यासारखा. असला फटका अण्णा झोपेतसुद्धा दहातल्या नऊ वेळा मारतात. शिवला की झालं, त्यांचे फाउल पुसले जाणार आणि पुन्हा पहिल्यापासून.

अण्णा खुर्चीतून उठले. टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून कोन पाहिला. मी चॉक घ्यायला टिल्लू सरांच्या टेबलाकडे गेलो. शेजारच्या पाच नंबरच्या टेबलावर कुणीतरी फ्रेम जिंकली आणि टाळ्या वाजल्या. मी डब्यातला चॉक उचलला आणि म्हणालो, “अण्णा, तुमचे दोन फाउल झालेत.”

टिल्लू सरांनी मान डोलावली आणि कागदावर खूण केली.

अण्णा टेबलावर वाकलेले होते, ते सरळ झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक भुवई वर. जरा थांबले. आजही डोळे मिटले की ते थांबणं मला दिसतं. मग ओठ मुडपून हसल्यासारखं केलं, पुन्हा वाकले आणि चार नंबरकडे न मारता, पांढरा बॉल अगदी हळू, मुद्दाम, कडेला चिकटलेल्या नऊ आणि पाचवर नेऊन टेकवला. सहा नंबरही त्यात ओढला गेला. कडेला बॉलची अशी मोळी झाली की तासभर खेळलं तरी सुटू नये.

साधा, उघड, ठरवून केलेला फाउल.

अण्णांनी क्यू खांद्यावर टाकला. चेहऱ्यावर क्लबातलं ते जुनं हसू.

“विसरलास बे,” ते म्हणाले. “एवढं शिकवून परत विसरलास! घे बॉल हातात आन सोडव आता मोळी.”



“नाही अण्णा. मी सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“दोन झालेत म्हणून.”

“कधी?”

“आत्ता. तुम्ही मारायच्या आधी.”

अण्णांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्यांनी टिल्लू सरांकडे पाहिलं.

“सांगितलं त्यांनी,” टिल्लू सर म्हणाले. बिचारा सरळ माणूस. “मी इथेच बसलोय ना. ‘तुमचे दोन फाउल झालेत’, अगदी स्पष्ट. मी लिहूनही ठेवलंय.”

“कुठनं सांगितला हा?”

“इथूनच, माझ्या खुर्चीजवळून. चॉक घ्यायला आले होते.”

अण्णांनी ती खुर्ची पाहिली. मग स्वतः वाकले होते ती जागा पाहिली. दोन्हींमधलं अंतर त्यांनी डोळ्यांनी मोजलं, टेबलावरचा कोन मोजावा तसं. टिल्लू सरांची खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला होती.

अण्णांचा डावा कान पूर्ण गेलेला होता. पंचवीस वर्षं डाव्या हाताचा माग खट्याक खट्याक करत होता, तो कान घेऊन गेला. हे जगात तीन माणसांना माहीत होतं: त्यांची बायको, मुलगी आणि मी. मलाही अपघातानेच कळलं होतं. उजव्या कानात गळू झाल्याने त्यांनी एकदा कापूस घातला होता आणि मी हाका मारून थकलो. तेव्हा त्यांनी मला आईची शपथ घातली. “कुणाला बोलू नको. बहिरा म्हणून कीव करतील, आन कीव केली की माझा हात चालत न्हाई.”

मुख्य पंच गायधनी आले. उंच, कोरडा माणूस. त्यांनी टिल्लू सरांचा कागद वाचला, मला विचारलं, मग अण्णांना.

“येमुल, इशारा दिलेला आहे, साक्षीदार आहे. नियमाने तिसरा फाउल धरावा लागेल. पण तुम्हाला ऐकू आलं नसेल, आवाजामुळे किंवा दुसऱ्या कशामुळे, तर आत्ता सांगा. मी फटका परत घ्यायला लावू शकतो.”

शेजारच्या टेबलांवरचे खेळाडू थांबून बघत होते. अण्णांनी सांगितलं असतं, साहेब, मला डाव्या कानाने येत नाही, तर तिथल्या तिथे संपलं असतं. मी मान खाली घातली होती आणि मनात देवाला म्हणत होतो, नको सांगू दे. हेही लपवत नाही. मी तेच म्हणत होतो.

“आलं असंल ऐकू,” अण्णा म्हणाले. “माझंच ध्यान न्हवतं.”

“नक्की?”

“होय, साहेब. पोरगं खोटं बोलत न्हाई.”

त्यांनी पुढे येऊन माझा हात हातात घेतला आणि दाबला. मग टॉवेल घडी करून पिशवीत टाकला, क्यूचे दोन भाग फिरवून सुटे केले आणि बाहेर गेले. त्या वेळी त्यांनी आपला कान झाकला की मला, ते मला कित्येक वर्षं ठरवता आलं नाही.

मी दुपारचा पुढचा सामना सात-दोन हरलो. त्याने काही बिघडलं नाही. संध्याकाळी नवी क्रमवारी लागली. आठवा: हत्तुरे. नववा: येमुल. लोकांनी पाठ थोपटली. मी खोलीवर गेलो तर अण्णांनी माझा क्यू पुसून ठेवला होता.

सकाळी आठच्या सोलापूर गाडीत बसलो. अण्णा पुढे चढले. डाव्या रांगेतल्या आमच्या नेहमीच्या जागा रिकाम्या होत्या. ते तिथे थांबले नाहीत. उजव्या रांगेत गेले आणि खिडकीशी बसले. मी आपसूक त्यांच्या शेजारी बसलो आणि गाडी सुरू झाल्यावर मला कळलं की मी त्यांच्या डाव्या हाताला बसलोय. सात वर्षांत पहिल्यांदाच.

नगर सुटल्यावर मला राहवेना. मी बोलायला लागलो. त्यांच्या डाव्या कानापाशी, सगळं. मी चॉकसाठी गेलो नव्हतो अण्णा. मला ठाऊक होतं तुम्हाला त्या बाजूने ऐकू येत नाही, म्हणून मुद्दाम तिकडे गेलो. तुम्हाला वाटेल मी विसरलो, आणि तुम्ही नेहमीसारखा फाउल कराल, हेही ठाऊक होतं. तुम्हीच शिकवलेलं तुमच्यावर उलटवलं. मला नोकरी हवी होती. मला माफ करा. गायधनींना फोन करतो, नाव मागे घेतो. मी रडतही होतो. कंडक्टर दोनदा बघून गेला.

अण्णा खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर बघत होते. त्यांची मान एकदाही वळली नाही. करमाळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी पिशवीतून उरलेली कडक भाकरी काढली, मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

सोलापूर स्टँडवर उतरल्यावर ते थांबले. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि फिरून माझ्या समोर असे उभे राहिले की त्यांचा उजवा कान माझ्याकडे आला.

“काय बडबडत होतास बे वाटेत? लै वेळ चाललेलं तुझं.”

आता सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं आणि मला निळा ब्लेझर दिसला नाही. माझ्याशी न बोलणारे वडील दिसले.

“काही नाही, अण्णा. नोकरीच्या फॉर्मचं सांगत होतो.”

अण्णांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. “मग चांगलंय,” ते म्हणाले आणि साखर पेठेच्या रिक्षात बसले.

नोकरी लागली. मनमाडला राहिलो, लग्न झालं, वडील बोलू लागले. ब्लेझर कपाटात होता. दोनदा घातला असेल. त्याच्यावर ‘हत्तुरे’ लिहिलं होतं आणि शिवण उत्तम होती. अण्णा पुढे तीन वर्षं खेळले. अकरावे, चौदावे, मग यादीत नाव दिसेना. मी सोलापूरला गेलो की त्यांना भेटायचो, चहा प्यायचो, टिप बसवून घ्यायचो. बोलणं क्यूवरून कधी पुढे गेलं नाही. दर वेळी मी ठरवून जायचो आणि तसाच परत यायचो. भेकडपणालाही सराव लागतो, तो माझा उत्तम झाला.

खेळ सुटला, पण मी पंचाची परीक्षा दिली. आता मालिकेच्या स्पर्धांना मी पंच असतो. माझ्या टेबलावर एक पद्धत आहे, तिच्यावरून पोरं माझी चेष्टा करतात. कुणाचे दोन फाउल झाले की समोरच्याने नुसतं तोंडाने सांगून मला चालत नाही. मी स्वतः त्या खेळाडूच्या समोर जातो, डोळ्यांसमोर दोन बोटं धरतो आणि तो मान डोलावेपर्यंत खाली घेत नाही. “सर, नियमात असं कुठे आहे?” नियमात नाही. माझ्या टेबलावर आहे.

या डिसेंबरात सोलापूरला गेलो. अण्णा आता पासष्टचे आहेत. दारात त्यांची मुलगी श्रीलता भेटली, माहेरी आली होती. अण्णा आत खाटेवर बसून कुणाच्या तरी क्यूला टिप चिकटवत होते. मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवली. बसलो. अठरा वर्षं जे घोकत होतो ते एका दमात सांगून टाकलं. नाशिक. टिल्लू सरांची खुर्ची. मुद्दाम केलं, अण्णा.

अण्णा अंगठ्याने टिप दाबत राहिले. मग वर पाहून म्हणाले, “कधी आलास बे?”

श्रीलता दारातून म्हणाली, “दादा, आता त्या कानानेपण नाही येत त्यांना. दिवाळीपासून तोही गेला. पाटीवर लिहून दाखवा.”

खाटेवर पाटी होती, पेन्सिल होती. मी पेन्सिल उचलली. काय लिहायचं? पेन्सिल खाली ठेवली, खुर्चीतून उठलो, त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरली.

अण्णांनी बोटं पाहिली. मग मला पाहिलं. मग पुन्हा बोटं.

“रेंडू,” ते म्हणाले.

मी तसाच उभा होतो.

“चॉक तुझ्या खिशात होता बे,” अण्णा म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या जरा मोठ्या आवाजात. “सकाळी मीच दिलेला. कोरा. डब्यातला घ्यायला कशाला गेलास, ते मला तिथंच कळलं.”

श्रीलता बघत राहिली. तिला काहीच कळलं नसणार.

मला वाटलं ते आणखी काही बोलतील. मी बोटं खाली घेतली नाहीत. खूप वेळाने अण्णांनी मान डोलावली, एकदाच, आणि हातातल्या टिपवर फुंकर मारली.